टँटो टोकाचा घडीचा चाकू घ्यावा का? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

केतन, बी-४०२: नमस्कार मंडळी. घडीचा चाकू घ्यायचाय. पार्सलं उघडायची, बाल्कनीतल्या वेलांच्या सुतळ्या कापायच्या, ट्रेकला फळं चिरायची, एवढंच काम. सेलमध्ये टँटो टोकाचा, म्हणजे पुढून तिरकं छाटल्यासारखं कोनदार टोक असलेला, एक दिसतोय. पातं ८.५ सेंमी, जाडी ३.५ मिमी, डी२ स्टील, लायनर लॉक (मुठीतली धातूची पट्टी पात्याच्या बुडामागं सरकून ते उघडं धरते). रोजच्या वापराला चालेल, की नुसताच दिसायला भारी?

देशपांडे काका, ए-१०३: केतन, आधी हे सांग, धार तू स्वतः लावणार की सायकलवरच्या धारवाल्याला देणार? निम्मं उत्तर तिथंच आहे.

केतन, बी-४०२: धारवाल्याला देईन म्हणतो काका. ते ओढून धार लावायचं प्लास्टिकचं यंत्रही घरात आहे.

देशपांडे काका, ए-१०३: मग टँटो नको. या पात्याला एक सलग धार नसते, दोन सरळ धारा असतात. एक लांब, खालची. दुसरी पुढची, तिरकी, पाठीपर्यंत चढणारी. दोन्ही मिळतात तिथं एक कोपरा तयार होतो. या आकाराचा सगळा उपयोग त्या कोपऱ्यात आहे. ओढायच्या यंत्रात खाचेतून जाताना कोपरा घासून गोल होतो आणि पुढची धार तर खाचेत नीट बसतच नाही. चाकावर दिलास तर टोकाला धातू कमी असतो, ते पटकन तापतं. निळसर झाक आली की तिथलं पाणी, म्हणजे स्टीलचा कडकपणा, उतरलं म्हणून समज. मग ते टोक धार धरत नाही.

मनीषा ताई, सी-२०४: स्वयंपाकघराच्या बाजूनं सांगते. टँटोला पोट नसतं, म्हणजे धारेला खाली बाक नसतो. पाटावर टेकवून डोलवत कोथिंबीर चिरणं विसरा. टोमॅटो, काकडी ओढून कापता येतात. सफरचंदाला ३.५ मिमीचं पातं पाचरीसारखं शिरतं, फोड कापली जायच्या आधी तडकते. साध्या भाजीच्या सुरीची पाठ दीड-दोन मिमी असते, म्हणून ती सहज उतरते. आंबा सोलताना तो कोपरा सालीतून गरात घुसतो. ट्रेकला फळंच कापायची तर हा आकार सगळ्यात गैरसोयीचा.

सावंत, डी-६०१: पण पार्सलला टँटो खरंच चांगला, हे मान्य करायला हवं. मूठ थोडी उचलून फक्त तो मधला कोपरा टेपवर टेकवायचा आणि आपल्याकडे ओढायचा. खरं टोक तेव्हा हवेत वर राहतं, त्यामुळे आतल्या कपड्याला किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठाला भोक पडत नाही. दोन मिमीच्या पुढं कोपरा जाऊ द्यायचा नाही. कार्पेट, रेक्झिन, ड्रायवॉलचा कागद असल्या सपाट पसरलेल्या वस्तूंवर पट्टी लावून रेघ मारायलाही हाच कोपरा कामाचा.

राहुल, बी-७०३: जपानी सामुराई लोक हाच वापरायचे ना? म्हणजे डिझाइनमध्ये काहीतरी असणारच 😀

सावंत, डी-६०१: जपानी टँटो म्हणजे एक शाकूपेक्षा, म्हणजे सुमारे ३० सेंमीपेक्षा, लहान पात्याची कट्यार. बहुतेकांचं टोक बाकदार असतं. हा कोनाचा आकार अमेरिकन. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या कोल्ड स्टील कंपनीनं तो खपवला, टोक दणकट आहे या जाहिरातीवर. टोक दणकट असतं हे खरंच, कारण पाठीची जाडी जवळजवळ शेवटपर्यंत येते. पण घरात पत्र्याचा डबा कितीदा भोसकतो आपण?

कुलकर्णी मॅडम, सेक्रेटरी: चर्चा चालू द्या. फक्त खोकी चारही कोपरे कापून सपाट करा आणि मगच सुक्या कचऱ्यात ठेवा. लिफ्टजवळ कुणीही ठेवू नये.

केतन, बी-४०२: नोटेड मॅडम. काका, धार मी शिकेन म्हटलं तर?

देशपांडे काका, ए-१०३: तर ऐक, लांबलचक आहे.

१००० ग्रिटचा दगड घे (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). धार फारच गेली असेल तर आधी ४००, शेवटी ३०००. पाण्याचा दगड असेल तर १० मिनिटं भिजव. नुसतं पाणी शिंपडून चालणारे दगड भिजवू नकोस, बरोबरच्या कागदावर लिहिलेलं असतं.

दोन्ही धारांवर मार्करनं काळी रेघ ओढ. आधी फक्त लांब धार. कोन २० अंश धर. पातं २५ मिमी रुंद आणि पाठ ३ मिमी जाड असेल तर पाठीखाली साधारण ७ मिमीची फट राहते. कोपरा आला की तिथंच थांब, मूठ उचलायची नाही. साध्या चाकूला टोकाकडं जाताना मूठ उचलायची सवय असते, तीच इथं कोपरा खाते. बोट लावून पाहा, उलट्या बाजूला तारेसारखी बारीक कड लागली पाहिजे. ती कोपऱ्यापर्यंत आली की बाजू बदल.

मग पुढची धार, वेगळा चाकू समजून. मूठ वळवून ती धार दगडावर आडवी बसव आणि चार-पाच सेंमीचे छोटे, हलके हात मार. इथं ७ मिमीचा हिशोब लागू नाही, कारण समोर पाठ समांतर नाही. मार्करकडेच बघ. शाई वरच्या कडेची गेली तर कोन कमी झालाय, अगदी धारेवरची गेली तर जास्त. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर दोन्ही धारा अलग अलग ओढ. कोपऱ्यावरून वळवून ओढलंस तर सगळी मेहनत पाण्यात.

राहुल, बी-७०३: 🙏 काका, यापेक्षा सहा रुपयांचं ब्लेड बरं.

देशपांडे काका, ए-१०३: हसू नकोस, बरोबर बोललास. पार्सलला १८ मिमीचा तुकडे मोडायचा कटर उत्तम. त्याचंही टोक तिरकंच असतं. बोथट झालं की तुकडा पक्कडीत धरून मोडायचा, धारेचा प्रश्नच मिटला. मोडलेले तुकडे जुन्या डबीत साठवा, कचरा वेचणाऱ्याच्या हाताला लागतात.

सावंत, डी-६०१: पुढच्या धारेनं पटाशीसारखं स्टिकर किंवा रंगाचे थेंब खरवडता येतात, पण घडीच्या चाकूत जपून. पात्याच्या पाठीवर दाब आला की सगळा ताण लॉकवर येतो. लायनर सरकला तर पातं थेट बोटांवर मिटतं. पातं उघडल्यावर लायनरची पट्टी पात्याच्या बुडाच्या निदान एक तृतीयांश भागावर बसलेली दिसली पाहिजे. कडेलाच टेकत असेल तर परत पाठव. आणि डी२ पिळायला किंवा उचकटायला वापरू नये, धारेचे टवके उडतात.

मनीषा ताई, सी-२०४: डी२ पावसाळ्यात डागतं. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास, पण बरंचसं कार्बनबरोबर बांधलेलं, म्हणून पूर्ण स्टेनलेस नाही. कैरी-लिंबू कापलं की लगेच धुऊन पुसा. टेपचा गोंद बसला तर खोबरेल तेलाचं बोट फिरवा, निघतो. बिजागरीत मात्र खोबरेल नको, थंडीत थिजतं. तिथं शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.

सावंत, डी-६०१: कायद्याचंही सांगून ठेवतो. शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून. हा त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघतो, सण-निवडणुकांत तर हमखास, तेव्हा चाकू बाळगून फिरण्यावरही बंदी येते. मेट्रोत न्यायचा नाही, विमानात फक्त चेक-इन बॅगेत. बटण दाबून उघडणारा तर मागवूच नकोस.

केतन, बी-४०२: मग घेऊ काय?

मनीषा ताई, सी-२०४: टोक खाली उतरतं झालेला, धारेला थोडा बाक असलेला साधा आकार, ड्रॉप पॉइंट म्हणतात तो. पाठ अडीच मिमीच्या आत, स्टील स्वीडिश १४सी२८एन मिळालं तर छान. ओपिनेल ८ नंबर पण मस्त कापतो, पातं साडेआठ सेंमीच. स्टेनलेस पात्याचा घे. मूठ लाकडी आहे, पावसात फुगते आणि पातं उघडायला घट्ट होतं.

केतन, बी-४०२: फुगली तर काय करायचं ताई?

देशपांडे काका, ए-१०३: उन्हात तापवायची नाही, तडकते. दोन-तीन दिवस कोरड्या कपाटात ठेव. कोरडी झाली की खाचेत १५० चा पॉलिश पेपर घडी करून दोनदा फिरव आणि जवसाचं तेल चोळ.