‘लकी मॅन’च्या अखेरीस सरकणारा तो स्वर

प्रश्न:
इमर्सन, लेक अँड पामर या ब्रिटिश त्रयीच्या १९७० सालच्या पहिल्या अल्बममधील ‘लकी मॅन’ मी सध्या वारंवार ऐकत आहे. ग्रेग लेक यांचे गिटार आणि त्यांचाच आवाज यांवर उभे असलेले हे साधे कथागीत संपत आले असे वाटते, तोच एक जाड, घोंघावणारा स्वर उमटतो आणि शेवटपर्यंत गाणे व्यापून टाकतो. हा सिंथेसायझर आहे हे मला ठाऊक आहे. परंतु कळा दाबून वाजवायच्या वाद्यावर दोन स्वरांमधली जागा अशी भरून कशी निघते, आणि इतका विसंगत भाग या गाण्यात आला कसा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
कीथ इमर्सन यांनी येथे मूग मॉड्युलर हा सिंथेसायझर वाजवला आहे. त्यावर एका वेळी एकच स्वर निघतो. प्रत्येक कळ ठरावीक विद्युतदाब पाठवते आणि त्या दाबानुसार ऑसिलेटरचा, म्हणजे ध्वनी निर्माण करणाऱ्या विद्युत मंडलाचा, स्वर ठरतो. पोर्टामेंटो, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्याची सोय, सुरू असला की हा दाब एकदम न बदलता सावकाश सरकतो, त्यामुळे मधल्या साऱ्या श्रुती कानावर येतात. आपल्याला ही मींडच वाटते. मात्र सतारवादक प्रत्येक मींड तार ओढून हाताने घडवतो, तर येथे सरकण्याची गती आधीच नियंत्रकावर ठरवलेली असते.

प्रतिसाद २:
लेक यांनी हे गाणे वयाच्या बाराव्या वर्षी, आईने गिटार घेऊन दिल्यावर रचले होते. लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत अल्बमसाठी आणखी एक गाणे हवे होते, म्हणून ते बाहेर आले. अखेरीस इमर्सन यांनी जे उत्स्फूर्तपणे वाजवले, ते त्यांना स्वतःला पुन्हा वाजवायचे होते, पण ध्वनिमुद्रणाचा तोच टेक ठेवण्यात आला. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण घोटून बसवलेल्या वादनात ही चाचपड आणि हे धाडस उरले नसते.

प्रतिसाद ३:
‘विसंगत’ हा शब्द मला पटत नाही. ऐश्वर्यात राहणारा माणूस युद्धावर जातो, गोळी लागून मरतो, आणि ध्रुवपद मात्र त्याला नशीबवानच म्हणत राहते; त्या कथेनंतर मंजुळ गिटारवर गाणे मिटले असते, तर तो मृत्यू फार हलका झाला असता. १९७४ च्या थेट मैफलींच्या अल्बमवर लेक हे गाणे एकटेच गिटारवर गातात. ते सुंदर आहे, तरीही शेवटचे कडवे संपल्यावर माझा कान मूगची वाट पाहत राहतो.