घरी वाइन आंबवायला कायद्याने मोकळीक असावी का?

द्राक्षबाग_निफाड
असावी, असं माझं ठाम मत आहे. द्राक्षाचा रस, साखर आणि यीस्ट बरणीत घालून घरापुरती वाइन केली, तरी १९४९चा दारूबंदी कायदा आडवा येतो. परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हाच. ब्रिटनने १९६३मध्ये घरच्या बिअरचा परवाना रद्द केला. अमेरिकेत १९७८च्या कायद्यानुसार दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत सूट आहे, फक्त विकायची नाही. द्राक्षं पिकवणाऱ्या आपल्याला ती का नसावी?

वरोऱ्याची_लेक
अजिबात नको. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली, २०२१मध्ये उठली. मधल्या काळात चोरटी दारू आलीच, नाकारत नाही. पण दारूबंदीच्या मागणीसाठी बायका पायी चालल्या होत्या, ते कशासाठी याचा विचार करा. आजही गावोगावी बायका ‘आडवी बाटली’साठी मतदान मागतात, दुकान हटावं म्हणून. तुम्ही तर दुकानच फडताळात आणायला निघालात.

साधा_माणूस
शिवाय विषबाधा? मुंबईतल्या मालवणीत २०१५मध्ये विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली.

आंबवण
मालवणीतले बळी मिथेनॉलचे होते, आणि ते दारूत मिसळलेलं होतं. साखर-यीस्टच्या आंबवणात ते तसं तयार होत नाही. फळातल्या पेक्टिनमुळे अगदी किंचित येतं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल. म्हणजे २०० ग्रॅमला बारा टक्क्यांच्या आसपास, आणि अल्कोहोल वाढत गेलं की यीस्ट स्वतःच थंडावतं. खरा धोका काचेचा आहे. आंबणं चालू असताना बूच घट्ट लावलं, तर वायूच्या दाबाने बाटली फुटते आणि डोळा जाऊ शकतो. गाळणं, म्हणजे उकळून वाफेपासून दारू काढणं, हा वेगळा प्रकार, त्याला माझाही विरोध आहे. पण कायद्याने बरणी आणि हातभट्टी एकाच मापाने मोजू नये.

वरोऱ्याची_लेक
विषाचं पटलं. पण मी विषाबद्दल बोललेच नव्हते. दुकानातून आणायला पैसे लागतात, उठून जावं लागतं, चार लोक बघतात. पिणाऱ्याला थोपवणाऱ्या या तीनही गोष्टी बरणी काढून टाकते. साखर तर किराण्यात येतेच. महिन्याच्या हिशेबात ती कुठे गेली, हे नवऱ्याला विचारायची सोय किती घरांत आहे?

द्राक्षबाग_निफाड
मग प्रमाण ठरवा, वर्षाला घरटी वीस लिटर म्हणा. थोड्या घरांच्या भीतीने सगळ्यांना गुन्हेगार का ठरवायचं?

वरोऱ्याची_लेक
थोडी घरं नाहीत ती. आणि वीस लिटर मोजायला घरात कोण येणार? शेजारच्या गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे, तिथे पोलीस मोहाचा सडवा जंगलात ओततात. सूट द्यायचीच असेल, तर पिढ्यान्‌पिढ्या मोह आंबवणाऱ्यांचा विचार आधी करा. निफाडच्या बरणीचं नंतर बघू.