वजन कमी-जास्त होतं, किल्ट कोणत्या मापाचा शिवावा?

अण्णा, डंडी

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये धाकटीचं लग्न आहे. व्याही स्कॉटलंडमधल्या पर्थचे, त्यांच्याकडचे झाडून सगळे पुरुष किल्टमध्ये, म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार स्कॉटिश पेहरावात असणार. लेकीची इच्छा अशी की सकाळी मंगलाष्टकांना मी धोतर नेसावं आणि संध्याकाळी केलीच्या, म्हणजे इथल्या पारंपरिक समूहनाचाला किल्ट. मला हे मनापासून आवडलंय. भाड्याने न आणता स्वतःचा शिवून घ्यावा, असं मनात आहे.

अडचण मापाची. संधिवातासाठी मला अधूनमधून स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्या चालू झाल्या की पोट सुटतं, बंद झाल्या की सावकाश उतरतं. कंबर कधी ३८ इंच, तर कधी ४१. हाताने शिवलेला लोकरीचा किल्ट म्हणजे काही शे पौंडांचा मामला. घरचं मत असं की मोठाच शिवा, पट्टे आवळता येतात. मला वाटतं, वजन उतरलेलं असताना माप द्यावं आणि तेवढं टिकवायचा प्रयत्न करावा. जाणकारांनी सांगावं.

---

वहिनी, लीथ

अण्णा, आधी लेकीचं आणि तुम्हा दोघांचं अभिनंदन!

मी इथे किल्ट शिवणाऱ्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कमरेचा प्रश्न नंतर बघू. आधी सीटचं, म्हणजे मागून सर्वांत भरलेल्या भागावरचं माप घ्या, आणि तेही दोनदा: गोळ्या चालू असताना एकदा, बंद असताना एकदा. खरा निर्णय त्या मापावर आहे.

कारण सांगते. किल्टच्या मागच्या चुण्या कमरेपासून सीटपर्यंत टाके घालून बसवलेल्या असतात, त्या भागाला आम्ही 'फेल' म्हणतो. आठ यार्डांच्या किल्टमध्ये अशा पंचवीस-तीस चुण्या असतात. प्रत्येक चुणी कमरेकडे थोडी निमुळती करत नेतात आणि तसं करताना टार्टनच्या, म्हणजे किल्टच्या चौकडीच्या कापडाच्या रेघा एकमेकींना जुळवून ठेवतात. सीटला कापड कमी पडलं की तुम्ही नुसते उभे असलात तरी चुण्या फाकतात, आणि जास्त झालं की मागे पिशवीसारखा फुगवटा येतो. तो दोष काढायचा तर सगळा फेल उसवून चुण्या पुन्हा घालाव्या लागतात. ते काम जवळजवळ नवा किल्ट शिवण्याइतकंच.

कमरेचं तसं नाही. किल्टच्या पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात. डाव्या बाजूच्या फटीतून आतल्या पदराचा पट्टा बाहेर येतो, उजवीकडे बाहेरच्या पदराचे एक किंवा दोन. नीट शिवलेला किल्ट मधल्या भोकावर बसतो, म्हणजे दोन्हीकडे साधारण इंचभर सवड राहते. तुमचा फरक तीन इंचांचा आहे. म्हणून शिवणाऱ्याला स्पष्ट सांगा की कंबर ३८ ते ४१ होते, मधल्या भोकावर साडेएकोणचाळीस धरा, पट्टे लांब ठेवा आणि भोकं जास्त पाडा. हे आधी सांगितलं तर कुणालाच जड नाही. पुढेमागे याहून फरक पडला तर बकलं उसवून सरकवता येतात, फेलला हात लावावा लागत नाही.

मोठाच शिवा, हे मला पटत नाही. ४१चा शिवून ३८वर आवळलात की बाहेरचा पदर फार पुढे सरकतो, त्याची झालर मागे चुण्यांवर जाते. आणि एक लक्षात ठेवा, आवळताना किंवा सैल करताना दोन्ही बाजूंनी सारखंच करायचं. एकाच बाजूने ओढलं तर पदराची मधली रेघ बेंबीवरून सरकते आणि तिच्यासमोर लटकणारं स्पोरान, म्हणजे कमरेची पिशवी, वाकडं दिसतं. फोटोत हे लगेच कळतं.

उतरलेल्या मापाचाही आग्रह धरू नका. लग्नाच्या महिन्यात गोळ्या लागल्या तर त्या घ्यायच्याच, किल्टसाठी औषध पुढे ढकलायचं नाही. स्टिरॉइडने पोट आणि चेहरा जास्त भरतो, सीटला सहसा तेवढा फरक पडत नाही. त्यामुळे तुमचं काम सोपं होईल असं मला वाटतं.

हे ३८-४१ पँटच्या लेबलवरचं असेल तर ते विसरा. आपण पँट पोटाखाली घालतो, किल्ट वर, बेंबीच्या आसपास बसतो. तिथे फीत लावली की माप बहुतेकांचं दोनेक इंचांनी वाढतं. माप दुसऱ्याकडून घ्या. ताठ उभे राहा आणि समोर बघा, फीत बघायला खाली वाकलात की लांबी चुकते. लांबी गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. पोट असलेल्या माणसाची पुढची आणि मागची लांबी वेगवेगळी मोजून द्यावी, नाहीतर पुढून किल्ट वर उचललेला दिसतो. पोटाखाली बांधायचा मोह तर अजिबात नको, मग तो पुढून थेट गुडघ्याखाली उतरतो.

जुन्या काळच्या हायलंडमध्ये हा प्रश्नच नव्हता. मोठा किल्ट म्हणजे काही वार न शिवलेलं कापड. चुण्या पाडायच्या, पट्ट्याने अंगाभोवती बांधायचं, उरलेलं खांद्यावर घ्यायचं. आपल्या नऊवारीसारखंच, अंग भरलं काय नि उतरलं काय, कापड सामावून घेतं. अठराव्या शतकाच्या शेवटाकडे चुण्या शिवून बसवायला लागले, तेव्हापासून मापाला महत्त्व आलं.

हाताने शिवायला आठ-दहा आठवडे धरा. लग्नसराईत जास्तही लागतात.

---

एक पाइपर, ग्लासगो

अण्णाकाका, वहिनींचं सगळं मान्य, पण मी भाड्याच्याच बाजूने आहे. लग्नाच्या दोन-चार दिवस आधी दुकानात जायचं, त्या दिवशी जे माप असेल त्याचा किल्ट घ्यायचा. इथले कितीतरी नवरदेवही तसंच करतात.

स्वतःचाच हवा असेल तर निदान कोट आणि वास्कट भाड्याने घ्या. आमच्या बॅगपाइप-बँडच्या कार्यक्रमांत बघतो ना, किल्ट सगळ्यांना होतो, वास्कटाची बटणं लागत नाहीत. वास्कटाच्या पाठीला आवळायची पट्टी असते खरी, पण ती थोडंच निभावून नेते. शिवाय किल्टचा पट्टा वाढवणारे छोटे जोडपट्टे मिळतात, एका टोकाला बकल, दुसऱ्याला भोकं. एक जोडी खिशात असू द्या.

---

वहिनी, लीथ

कोट-वास्कट भाड्याने, हे अगदी योग्य. किल्ट मात्र अण्णांनी शिवावा. लेकीने हौसेने मागितलंय आणि चांगला लोकरीचा किल्ट पुढच्या पिढीलाही वापरता येतो. बकलं सरकवून बापाचे किल्ट मुलांना बसवून दिलेत आम्ही.

---

अण्णा, डंडी

वहिनी, फार उपकार झाले. काल मुलाने मापं घेतली. सध्या गोळ्या चालू आहेत. बेंबीवर ४१, म्हणजे माझी मापं पँटची नव्हती. सीट ४३. हिवाळ्यात गोळ्या बंद असताना कोटासाठी दिलेली मापं शिंप्याकडे सापडली, त्यात सीट साडेबेचाळीस आहे. तुम्ही म्हणालात तसंच, फरक सगळा पोटाचा.

तेव्हा शिवायचं ठरलं. सीट ४३, कंबर साडेएकोणचाळीस, लांब पट्टे. कोट-वास्कट भाड्याने, जोडपट्टेही घेतो.

आता एकच राहिलं. शिवणारे १३ औंसाचं हलकं कापड घेऊ की १६चं जड, असं विचारतायत. १६च्या चुण्या छान पडतात म्हणे, पण जूनमध्ये नाचायचंय.

---

वहिनी, लीथ

१३ घ्या. पोट कमी-जास्त होणाऱ्याला कमरेवर वजन कमी असलेलंच बरं, आणि फेल नीट बसला तर १३लाही घोळ चांगला येतो. पहिल्या ट्रायलला मला बोलवा, मी डंडीला येते.