गांधीलमाश्यांचं पोळं घरात झालं तेव्हा तुम्ही काय केलंत?

डोंबिवली

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. एसीचं बाहेरचं युनिट आणि खिडकीचं ग्रिल यांच्यामधल्या बोळकांडीत गांधीलमाश्यांनी पोळं केलंय. तळहाताएवढं, राखाडी, भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखं. एका बारीक काळ्या देठाला उलटं लटकलंय, षटकोनी घरं खाली तोंड करून उघडी आहेत, काहींना पांढरं टोपण. काल दुपारी काचेआडून मोजल्या तर 14 माश्या होत्या. मुलगी 7 वर्षांची आहे आणि तिचं अभ्यासाचं टेबल त्याच खिडकीला लागून.

सोसायटीचे वॉचमनकाका म्हणतात, बांबूला चिंध्या बांधून पेटवून लावू, दोन मिनिटांचं काम. शेजारच्या काकू म्हणतात, हात लावू नका, आपोआप जातात. पुढच्या आठवड्यात एसीवाला सर्व्हिसिंगला येणार, त्याचा हात थेट तिथेच जाणार, म्हणून थांबताही येत नाही.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपा करून सविस्तर लिहा. कोणती माशी होती, कशी ओळखलीत, पोळं काढलंत की ठेवलंत, कसं काढलंत. चुकलं असेल तर तेही लिहा, त्याचाच जास्त उपयोग होईल.

पुणे, कोथरूड

ताई, आधी फोटो काढून नीट पाहा, मग काय ते ठरवा. मी 21 वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. लोक सरसकट सगळ्यांनाच गांधीलमाशी म्हणतात आणि घोळ तिथेच होतो.

तुमचं वर्णन कागदी पोळ्याचं आहे. या माश्या लाकडाचा भुगा खरवडतात, लाळेत मळतात आणि त्याचा कागद करून घरं बांधतात. पोळं उघडं असतं, बाहेरून कवच नसतं. माशी तांबूस-तपकिरी, सडपातळ, कंबर दोऱ्यासारखी. आपल्याकडे खिडक्यांवर नेहमी दिसते ती रोपॅलिडिया मार्जिनाटा. बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. राघवेंद्र गदगकरांनी या एका माशीवर अनेक दशकं काम केलं आहे. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. या पोळ्यातली राणी अगदी शांत असते, कुणावर धावून जात नाही. तिला काढलं की काही मिनिटांतच एक कामकरी माशी आक्रमक होते आणि पुढे तीच राणी होते. तेव्हा 'राणी मारली की पोळं संपतं' हे या माशीला लागू नाही. आणि आपल्या हवेत तिची पोळी वर्षभर चालतात, त्यामुळे 'थंडीत जातील' या आशेवरही बसू नका.

मोठी गांधील वेगळी. काळी, जवळजवळ इंचभर लांब, पोटावर एकच रुंद पिवळा-केशरी पट्टा. तिचं पोळं बाहेरून कागदी कवचात बंद असतं, मडक्यासारखं, त्यावर तपकिरी लाटा-लाटांची नक्षी आणि आत जायला एक भोक. कधी ते झाडाच्या ढोलीत, माळ्यावर किंवा जमिनीखालीही असतं. तसं काही दिसलं तर घरच्या कुणीही हात घालायचा नाही.

मेणाचं पोळं असेल तर ती मधमाशी, तिथे औषध मारायचंच नाही. मातीचं असेल तर कुंभारीण.

सातारा

कुंभारणीबद्दल मी लिहिते. आमच्या हॉलमधल्या प्लगच्या भोकात, दाराच्या कुलपात, देवघराच्या फळीखाली, सगळीकडे मातीचे गोळे. सासूबाई म्हणायच्या राहू दे, मी मात्र घाबरून एक गोळा उलथन्याने पाडला. फुटला तर आतून 12 कोळी पडले, जिवंत पण हलेनात, आणि मधोमध एक पिवळसर अळी. माशी कोळ्यांना नांगी मारून लुळं करते आणि पिल्लासाठी भरून ठेवते, हे मला नंतर कळलं. ही एकटी राहते, पोळं राखायला अंगावर येत नाही. भोक पडलेला गोळा म्हणजे पिल्लू उडून गेलेलं, तो खुशाल खरवडून टाका. प्लगमधली माती काढताना मात्र मेन स्विच बंद करा.

चिपळूणजवळ

चूक लिहायला सांगितलीत म्हणून लिहितोय. चार वर्षं झाली, पण लिहिताना हात जड होतोय.

आमचं कौलारू घर. भाद्रपदात माळ्यावरच्या वाश्याला पोळं दिसलं, मोठ्या नारळाएवढं, बंद. काळ्या माश्या, पोटाला पिवळा पट्टा. गणपतीला माणसं येणार, मुलं माळ्यावर चढणार, म्हणून बाबांनी ठरवलं की आजच काढायचं. बाबा तेव्हा 64 वर्षांचे. आयुष्यभर त्यांनी चूड पेटवून पोळी जाळलेली, त्यामुळे त्यांना थांबवावं असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. संध्याकाळी पाचला, चांगल्या उजेडात, झावळीची चूड घेऊन ते शिडीवर चढले. अंगात बनियन आणि लुंगी.

चूड लागली आणि कवचाचा एक तुकडा खाली पडला. पुढचं मला आवाजाने आठवतं. पातेल्यात पाणी उकळताना झाकण थरथरतं तसा आवाज. बाबा शिडीवरून घसरले, चूड माळ्यावरच्या पेंढ्यात पडली. आई कळशी घेऊन धावली, मी बाबांना ओढत पडवीत आणलं. 11 डंख, त्यातले चार मानेवर.

डंख दुखत होते, पण घाबरवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. दहा मिनिटांत डंख नसलेल्या ठिकाणी, पोटावर, मांड्यांवर गांधी उठल्या. ओठ सुजले. बाबा म्हणाले, "घसा आवळतोय रे." शेजारच्या दादांनी रिक्षा काढली. डॉक्टरांनी पाहताक्षणी मांडीत इंजेक्शन दिलं, बाकी चौकशी नंतर. दोन दिवस ठेवून घेतलं, लघवीचा रंग विचारत राहिले, रक्त तपासत राहिले. बाबा वाचले. माळ्याचे दोन वासे जळाले.

पुढच्या वर्षी गोठ्याच्या आढ्याला पुन्हा तसंच पोळं झालं. या वेळी तालुक्याहून माहीतगार माणसं बोलावली. दोघंजण रात्री साडेआठला आले, पूर्ण अंगभर पोशाख, तोंडाला जाळी, हातमोजे मनगटाशी चिकटपट्टीने बंद. गुरं दुपारीच दुसरीकडे नेऊन बांधायला सांगितली होती. घरातले सगळे दिवे बंद. लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात भोकात औषध मारलं, भोक बुजवलं आणि अर्ध्या तासाने पोळं गोणीत उतरवलं. आम्ही दार लावून आत बसलो होतो. एकही माशी घरात आली नाही.

कोल्हापूर

चिपळूणच्या दादांनी जे लिहिलंय ते डॉक्टर म्हणून जरा उलगडून सांगते.

डंखाच्या जागी सूज, आग, लाली येणारच. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेलीही दिसेल. साबणाने धुवा, बर्फ कापडात गुंडाळून ठेवा. चुना, लिंबू, लोखंड घासणं यांनी काही साधत नाही, विष कातडीखाली गेलेलं असतं. गांधीलमाशी काटा मागे ठेवत नाही, म्हणून ती पुन्हापुन्हा डसू शकते. मधमाशीचा काटा मात्र राहतो, तो नखाने, कशानेही, लगेच काढा. कसा काढला यापेक्षा किती पटकन काढला हे महत्त्वाचं.

डंखापासून लांब कुठेही गांधी उठणं, ओठ-जीभ-घसा सुजणं, आवाज बसणं, धाप, उलटी, गरगरणं, यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना. त्यावर औषध एकच, अॅड्रेनॅलिन, मांडीत. अॅलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका. चक्कर येत असेल तर माणसाला आडवं करून पाय वर ठेवा, चालवत नेऊ नका. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबा, कारण त्रास उलटून येऊ शकतो.

एकाच वेळी खूप डंख बसले तर अॅलर्जी नसतानाही विषाने स्नायू आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. लघवी चहासारखी काळपट झाली किंवा कमी झाली तर थांबू नका. बाबांना लघवीचा रंग विचारत होते ते यासाठी.

आणि ज्यांना एकदा असा त्रास झालाय, त्यांनी पोळ्याच्या कामात मदतीलाही उभं राहायचं नाही.

नागपूर

माझं पोळं तुमच्यासारखंच होतं, बाल्कनीच्या ग्रिलला, कागदी, उघडं, आठ-दहा माश्या. पोळं एवढं लहान आणि उभ्या उभ्या हाताला येणारं असेल तरच स्वतः करा. शिडी लागणार असेल तर नको.

मी अंधार पडल्यावर तासाभराने केलं. तोवर बहुतेक सगळ्या परत पोळ्यावर येऊन चिकटतात आणि अंधारात त्या सहसा उडत नाहीत. जाड जीन्स मोज्यात खोचलेली, वर रेनकोट, हेल्मेट, गळ्याला ओढणी. खोलीतला दिवा बंद, कारण त्या उजेडाकडे येतात, आणि बॅटरी हातात न धरता बाजूला स्टुलावर ठेवली. झाडाला पाणी मारायच्या पंपात लिटरभर पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार चमचे. साबणामुळे पाणी त्यांच्या अंगाला धरतं आणि श्वासाची भोकं बंद होतात. धार जोरात मारायची नाही, आधी बारीक फवारा, सगळ्या एकदम भिजतील असा. खाली पडल्या त्या तिथेच थंड झाल्या. मग पोळं पिशवीत धरून देठाशी उलथन्याने कापलं, पिशवीला गाठ मारली.

बाजारातला स्प्रे वापरणार असाल तर त्यात जळणारा वायू असतो. उदबत्ती, दिवा, गॅस, पेटतं काहीही जवळ नको.

महत्त्वाचं म्हणजे देठाची जागा साबणाने घासून काढा. मी पहिल्यांदा नाही घासली, तर पंधरा दिवसांत तिथेच नवा देठ.

नाशिक, निफाड

मी काढत नाही. शेतघराच्या पत्र्याखाली तीन पोळी आहेत. समोर टोमॅटो आहे आणि या माश्या पानावरची अळी उचलून, चावून, गोळा करून पिल्लांना नेतात, हे मी रोज पाहतो. माणसाच्या वाटेत नसतील तर त्यांना राहू द्या. मजुरांना जागा दाखवून ठेवलीय, तिकडे कुणी पाइप आपटत नाही.

एडिसन, न्यू जर्सी

इकडचं वेगळं आहे, पण इकडे राहणाऱ्यांसाठी लिहिते. ऑगस्टमध्ये नवरा लॉन कापत होता आणि मशिन जमिनीतल्या एका भोकावरून गेलं. यलोजॅकेट, म्हणजे जमिनीत पोळं करणारी पिवळी-काळी गांधीलमाशी. मशिनच्या थरथरीने सगळ्या बाहेर. तो मशिन तिथेच सोडून सरळ घरात पळाला, तेच बरोबर केलं. हातवारे करत उभं राहायचं नाही, चेहरा झाकून दारापर्यंत पळायचं.

शेजाऱ्याने भोकात पेट्रोल ओतायला सांगितलं. ओतलं नाही, कारण माती आणि विहिरीचं पाणी खराब होतं, आणि आगीचा धोका वेगळाच. माणूस बोलावला, त्याने भोकात पावडर मारली. त्याने आणखी एक सांगितलं: माश्या भिंतीच्या भोकातून आत जात असतील तर ते भोक बुजवू नका, त्या आतली भिंत कुरतडून खोलीत उतरतात. इथे कडक थंडी पडली की सगळं पोळं मरतं, फक्त नव्या राण्या कुठेतरी आडोशाला तगतात. जुनं पोळं त्या पुन्हा वापरत नाहीत. म्हणून कोपऱ्यातलं, उंचावरचं पोळं असेल तर आम्ही थंडीपर्यंत थांबतो.

पुणे, औंध

आमच्या इमारतीला नवव्या मजल्यावर आग्या मोहोळ लागलं होतं. कुणीतरी घाईने फवारणीवाल्याला बोलावलं, त्याने भर दुपारी विष मारलं. त्या दिवशी खालच्या बागेतली मुलं, दूधवाला, एक आजोबा, सगळ्यांना डंख बसले आणि जिन्यात मेलेल्या माश्यांचा ढीग पडला. मला अजून त्याचा राग येतो. गांधील आणि मधमाशी यांतला फरकही न विचारता आम्ही सह्या केल्या होत्या.

पुढच्या वर्षी पुन्हा लागलं तेव्हा गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेत जाऊन विचारलं आणि मधपाळ मिळवला. त्याने पाहून सांगितलं की ऋतू संपला की आग्या आपणच उठतो, उंचावर आहे, खिडक्या बंद ठेवा. थांबलो. अडीच महिन्यांनी एका सकाळी रिकामं पोळं लटकत होतं.

डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. चिपळूणच्या दादा, तुमचं वाचून वॉचमनकाकांना मी स्वतः जाऊन सांगितलं, बांबू पेटवायचा नाही. त्यांना बाबांची गोष्ट वाचूनही दाखवली.

कोथरूडच्या बाईंनी सांगितलं तसा फोटो मोठा करून पाहिला, कागदीच होतं, माशी तांबूस. परवा रात्री नागपूरच्या ताईंनी लिहिलं तसं केलं. मुलीला आधीच आजीकडे पाठवलं होतं. नवरा रेनकोट घालून खिडकीत, मी मागे, दार उघडायला तयार. फवाऱ्याचा आवाज झाला आणि त्या एकेक करून पत्र्यावर पडल्या, पाऊस सुरू होताना टपटपतं तशा. पोळं पिशवीत आलं तेव्हा हाताला अगदीच हलकं लागलं, वाळल्या पानाएवढं. देठाची जागा दोनदा घासली.

काल सकाळी तीन माश्या परत आल्या होत्या, रात्री बाहेर राहिलेल्या असाव्यात. देठ होता नेमक्या त्याच जागी जाऊन बसल्या, दुपारभर तिथेच होत्या. खिडकी बंद ठेवली. आज एकच आहे. एसीवाल्याला आणखी चार दिवस थांबायला सांगितलंय.