मदत हवी आहे : आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी की आधी राज्यशास्त्र?

माझी भाची रत्नागिरीत बारावी कला शाखेत असून तिला राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास व कायदा एकत्र शिकवणारी आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी घ्यायची आहे. १९८२ च्या सागरी कायदा करारातील १२ सागरी मैलांची प्रादेशिक हद्द आणि २०० मैलांचे आर्थिक क्षेत्र यांतला फरक ती इथल्या मिरकरवाडा मासेमारी बंदरातल्या कोणत्याही तांडेलाला (नौकेच्या प्रमुखाला) समजावून सांगते. गणित मात्र दहावीनंतर सुटले. पुण्यातील खासगी विद्यापीठांची माहितीपत्रके वाचली, शुल्क झेपणारे नाही. नागरी सेवा परीक्षेला कोणतीही पदवी चालते हे ठाऊक आहे, पण तिचा ओढा संशोधनाकडे आहे. इथेच राज्यशास्त्रात पदवी घेऊन पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात (जेएनयू) आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. केल्यास अर्थशास्त्राची आणि परकीय भाषेची उणीव तिथे कितपत अडते, आणि ती पदवीच्या वर्षांतच कशी भरून काढावी?