मदत हवी आहे: सोर्सवरून बिल्ड करताना कंपायलर 'किल्ड'

नमस्कार मंडळी. उबुंटू २२.०४ वर क्यूटी ६ (ॲपच्या खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) मधलं एक डेस्कटॉप ॲप सोर्सवरून बिल्ड करतोय. सी-मेकनेच (बिल्डची मांडणी करणारं टूल) आधी दोन रात्री खाल्ल्या. 'लिंग्विस्टटूल्स सापडत नाही' हे एकच तुणतुणं! क्यूटी टूल्सचं डेव्ह (डेव्हलपमेंट) पॅकेज टाकलेलं होतं, पण ही भाषांतराची टूल्स वेगळ्या एल१०एन (लोकलायझेशन) पॅकेजमध्ये असतात हे कुठे माहीत. ते टाकलं, जुनं बिल्ड फोल्डर उडवलं (कॅश राहिली की जुनंच रडगाणं), मग जमलं.

आता मेकला (प्रत्यक्ष बिल्ड चालवणारं टूल) एकावेळी ८ जॉब दिले की मशीन गोठतं, माउससुद्धा हलत नाही, आणि शेवटी सीसी१प्लसच्या (सी++ चा कंपायलर) नावासोबत 'किल्ड' एवढंच येतं. रॅम ८ जीबी, स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) २ जीबी. डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) आउट ऑफ मेमरीची ओळ आहे, म्हणजे कर्नलनेच कंपायलरचा गळा धरलाय. २ जॉबवर कंपाइल पार पडतं, पण लिंकिंगला (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवताना) पुन्हा तेच. डीबग बिल्डच हवंय, मला एक बग शोधायचाय.

स्वॅप वाढवू, की लिंकर बदलून एलएलडी घेऊ? निंजात (मेकऐवजी वापरायचं टूल) लिंकिंगचे जॉब वेगळे मर्यादित करता येतात, ते कुणी केलंय का? सी-मेकमध्ये नेमकं कुठे लिहायचं तेवढं सांगा.