तापणारा समुद्र कार्बन शोषतो तरी कसा?

प्रश्न (जिज्ञासू_वाचक): हवेत अडकलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता आणि माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा महासागर शोषून घेतात, असे नेहमी वाचनात येते. मात्र सोड्याची उघडी बाटली उन्हात ठेवली की तिच्यातला वायू लवकर निघून जातो, म्हणजेच पाणी तापले की त्यात वायू कमी विरघळतो. मग समुद्र तापत असूनही कार्बन घेतो कसा? आणि यात आपल्या अरबी समुद्राचा वाटा किती?

खारे_पाणी: बाटलीचे उदाहरण बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. वायू कोणत्या दिशेने जाणार, हे हवेतला आणि पाण्यातला त्याचा दाब यांतल्या फरकावर ठरते. पाणी एका अंशाने तापले तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारण ४ टक्क्यांनी वाढतो. हवेतले त्याचे प्रमाण मात्र औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या दशलक्षात २८० भागांवरून ४२० च्या पुढे, म्हणजे दीडपट झाले आहे. या ओढाताणीत सध्या हवेची बाजू वरचढ आहे. तापण्याचा परिणाम होतोच, पण तो शोषण थोडे कमी करण्यापुरता.

खरी अडचण रसायनाची आहे. विरघळलेला वायू पाण्यातल्या कार्बोनेटशी संयोग पावून त्याचे बायकार्बोनेट होते, म्हणून समुद्रात इतका कार्बन मावतो. पण त्यात कार्बोनेट खर्ची पडते. रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्येच दाखवले होते की ही क्षमता वाटते तितकी उदार नाही: पाण्यातला वायूचा दाब १० टक्क्यांनी वाढला, तरी एकूण विरघळलेला कार्बन जेमतेम १ टक्क्याने वाढतो. पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू (pH; तो घटला की आम्लता वाढते) ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकडा क्षुल्लक दिसतो, पण ही मोजपट्टी लॉगॅरिदमिक (एका अंकाचा फरक म्हणजे दहापट) असल्यामुळे हायड्रोजन आयनांत झालेली वाढ पाव पटीहून अधिक भरते, आणि कार्बोनेटपासून कवच बांधणाऱ्या शिंपल्यांना व प्रवाळांना ती जाचते.

खोल_थर: उष्णतेविषयी थोडी भर घालतो. समुद्राचा वरचा अवघा अडीच-तीन मीटरचा थर जितकी उष्णता धरू शकतो, तितकीच सगळे वातावरण मिळून धरते. त्यामुळे ९० टक्क्यांच्या आकड्याचे आश्चर्य वाटायला नको. ती उष्णता खाली पोहोचते का, हा महत्त्वाचा प्रश्न आहे. उत्तर अटलांटिक आणि अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिण महासागर येथे थंड, जड पाणी बुडते आणि उष्णता व कार्बन दोन्ही सोबत नेते. अन्यत्र वरचे पाणी तापून हलके झाल्याने थरांची सरमिसळ मंदावते. बातम्यांत बहुधा पृष्ठभागाचे तापमान येते आणि ते एल निनोबरोबर, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी अधूनमधून तापते त्याबरोबर, वरखाली होते. माझ्या मते पाहावे ते आर्गो तरंडांचे मोजमाप: दर दहा दिवसांनी सुमारे २००० मीटर खोलीपासून वर येत तापमान आणि क्षारता नोंदवणारी अशी हजारो यंत्रे जगभर सोडलेली आहेत. या मोहिमेत हैदराबादची इन्कॉइस ही समुद्रविषयक माहिती पुरवणारी संस्थाही सहभागी आहे.

कोकण_किनारा: अरबी समुद्राचे उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल: एकंदरीत तो कार्बन डायऑक्साइड घेण्याऐवजी हवेला देतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांजवळ खोलातले पाणी वर येते आणि कुजलेल्या जैविक पदार्थांतून साठलेला कार्बन वर आणते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९० च्या दशकातील मोहिमांत याची मोजणी केली होती. मात्र म्हणून मानवनिर्मित कार्बन त्यात शिरत नाही, असे समजू नये, कारण हवेतला या वायूचा दाब वाढला की बाहेर पडणारा वायू कमी होतो आणि तेवढा कार्बन पाण्यात राहतो. उष्णतेच्या बाबतीत मात्र हा समुद्र कुणाच्या मागे नाही. पश्चिम हिंदी महासागर १९०१ ते २०१२ या काळात उन्हाळ्यात सुमारे १.२ अंशांनी तापल्याचे पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी दाखवले आहे, आणि मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाला बळ मिळाले तेही अशाच उबदार पाण्यातून.

जिज्ञासू_वाचक: उत्सर्जन उद्या पूर्ण थांबले, तर समुद्र लगेच थंड होऊ लागेल का?

खोल_थर: नाही. वरचा थर हवेशी साधारण वर्षभरात जुळवून घेतो, पण खोल पाण्याला त्यासाठी शतके लागतात. तोवर उष्णता खाली झिरपत राहील आणि पाणी प्रसरण पावत असल्याने समुद्राची पातळीही वाढत राहील.